शिवबाईची बिनस्प्रिंगची बंदूक

रज्जाकला चालू वस्तू बघवत नसे. बिघडलेली वस्तू समोर आली की त्याचा हात शांतपणे चाले. पण धड चालणारी वस्तू दिसली की बोटं शिवशिवायला लागत. सासऱ्याने लग्नात दिलेलं गजराचं घड्याळ त्याने पहिल्याच आठवड्यात खोललं. परत जोडलं, ते चाललंही, पण गजर मनाला येईल तेव्हा वाजायला लागला. रुक्साना, त्याची बायको, तेव्हा नवी होती म्हणून काही बोलली नाही. नंतर बोलायची सवय झाली, पण उपयोग नव्हता.

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान रज्जाकच्या वडिलांनी, नबीसाबनी, थाटलेलं. स्टोव्ह, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, सायकलचे पंप असली हवेवर चालणारी सगळी कामं तिथे यायची. थंडी पडली की त्यात बंदुकांची भर पडे. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची मोठी जत्रा भरायची आणि फुगे फोडायच्या स्टॉलवाल्यांच्या छर्‍याच्या बंदुका त्याआधी तेलपाण्याला यायच्या. कुणाचा चामड्याचा वायसर वाळलेला असे, कुणाची स्प्रिंग दबून दमलेली.

बंदूक दुकानात आली की नबीसाब उठायचे. "चाय पी के आता मैं," म्हणायचे आणि बंदूक जाईपर्यंत समोरच्या हॉटेलात बसून राहायचे. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका बंदुकीची मागची टोपी ते फिरवून काढत होते. आतली स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते, तेव्हा शेवटचे आटे सुटताना टोपी अंगठ्याने घट्ट धरावी लागते. हे काम त्यांनी आयुष्यभर केलेलं. पण त्या दिवशी अंगठ्याला तेल होतं. टोपी सुटली आणि तिच्यामागे स्प्रिंग. डावा डोळा गेला. रज्जाक समोरच वायसर कापत बसला होता. त्याने ती स्प्रिंग सुटताना पाहिली नव्हती. नुसता आवाज ऐकला होता आणि मग अब्बांच्या दाढीतून उतरणारं रक्त पाहिलं होतं.

तेव्हापासून बंदुका रज्जाककडे आल्या. प्रत्येक टोपी फिरवताना तो मान बाजूला वळवायचा आणि मनात म्हणायचा, हे काहीतरी चुकीचं आहे. बंदुकीला जोर पाहिजे हे खरं, पण त्यासाठी तिच्या पोटात एवढा चवताळलेला साप कोंडून ठेवायला हवाच का?

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो टेंभुर्णीला गेला. तिथल्या नाक्यावरच्या एका धाब्याच्या सगळ्या बत्त्या एकदम बसल्या होत्या. काम झाल्यावर एसटीची वाट बघत तो शेजारच्या भंगारवाल्याकडे शिरला. तिथे एक विलायती मोटार पडली होती, पुढून पार चेचलेली. कोणी गोरे लोक तीत बसून गोव्याकडे निघाले होते म्हणे. ट्रकला धडकले, जीव वाचला, मोटार टाकून गेले. रज्जाकने मागचं झाकण उचललं आणि सोडून दिलं. झाकण पडलं नाही. वरच राहिलं. बाजूला एक काळी, बोटाएवढी जाड दांडी होती, नळीतून बाहेर आलेली. त्याने झाकण खाली दाबलं, दांडी आत गेली. हात काढला, तर झाकण आपल्या आपण, सावकाश, वर आलं.

"स्प्रिंग कुटं हाय ह्याची?" त्याने विचारलं.

भंगारवाला म्हणाला, "न्हाय स्प्रिंग. गॅस कोंडलाय म्हनं आत."

रज्जाकची एसटी गेली, दुसरीही गेली. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती दांडी त्याच्या पिशवीत होती.

पुढचे कित्येक दिवस ती त्याच्या हातातून सुटली नाही. जेवताना मांडीवर, नमाजाला जाताना खिशात. जमिनीवर टेकवून तो दांडी आत दाबायचा आणि बाहेर येताना बघत बसायचा. दुकानात स्टोव्हची रांग लागली. शेवटी रुक्सानाने ते आतल्या खोलीत ओढले आणि पिना मारून, बर्नर घासून, गिर्‍हाइकांना परत द्यायला सुरुवात केली. एकदा तिने दारातून विचारलं, "उस दांडी से निकाह पढे क्या तुम?"

रज्जाकने मान वर केली नाही. "ये थकती नै, रुक्साना. सुबू से दाबरा हूं. स्प्रिंग होती तो थक जाती."

एक दिवस धीर सुटला आणि त्याने नळीला भोक पाडलं. फुस्सकन आवाज झाला, तेलाची पिचकारी लुंगीवर आली आणि दांडी मेली. पण आतलं गुपित कळलं. दांडीच्या टोकाला एक चकती होती आणि चकतीला सुईएवढं भोक. गॅस ढकलायला बघतो, ते भोक त्याला हळूहळू जाऊ देतं. म्हणून झाकण सावकाश उघडतं. बंदुकीला हा सावकाशपणा नको होता. तिला चकती नको, भोक नको. नुसता कोंडलेला गॅस आणि त्याला अडवणारा चाप.

त्याने स्वतःच्या जुन्या बंदुकीतला, स्प्रिंगच्या रेट्याने हवा ढकलणारा दट्ट्या काढला. साखर पेठेत मागाचे सुटे भाग करणारा एक लेथवाला होता. त्याच्याकडून नवा, आतून पोकळ दट्ट्या आणि मागची नवी टोपी करून घेतली. त्या पोकळीत हवा भरायची, तोंड बंद करायचं, आणि स्प्रिंगच्या जागी तो दट्ट्याच बसवायचा. सायकलच्या पंपाने हवा भरली तर छर्रा नळीतून घरंगळून पायावर पडला. ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे भरली तर अंगणापर्यंत गेला. जोर कमी पडत होता. रज्जाक गल्लीगल्लीने फिरायला लागला. कुठे काय कोंडलेलं असतं ते बघायला लागला.

ते सापडलं संगप्पाच्या गोळी सोड्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, बाटल्या फिरवायचं यंत्र आणि कोपर्‍यात गॅसची काळी उभी टाकी. संगप्पा लहानपणापासून ओळखीचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि दिवसभर बाटल्या फुटायच्या भीतीने अर्धवट मिटलेले डोळे.

"ह्यो गॅस मी सोड्यात घालतो, रज्जाक," तो म्हणाला. "सोड्यात घातल्यावर पोटात जातो, ढेकर येतो. बंदुकीत घातल्यावर काय येतंय?"

"बघू की."

दट्ट्या टाकीला जोडायला रज्जाकने स्टोव्हच्या पंपाचीच झडप कापून लावली होती. गॅस भरला. बंदूक जोडली. भिंतीशी वनस्पती तुपाचा रिकामा डबा ठेवला. नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, बंदूक ताणायला दोघांचे हात लागले. रज्जाकने चाप ओढला. बंदुकीने खांद्याला नेहमीसारखा दुहेरी हिसका दिला नाही, नेहमीचा किणकिणाटही केला नाही. नुसता ठप्प असा आवाज आला. छर्रा डब्याच्या आरपार गेला आणि मागच्या पेटीतली सोड्याची बाटली फुटली.

संगप्पा थोडा वेळ फेस जमिनीवर पसरताना बघत राहिला. मग म्हणाला, "अजून एकदा मार."

पण दुसर्‍या दिवशी सकाळी दट्ट्यात काही नव्हतं. गॅस अडवायला तोंडाशी बसवलेली रबरी कडी भिजवलेल्या हरभर्‍यासारखी फुगली होती. गॅस तिच्यात मुरत होता आणि बाहेर पडत होता. रज्जाकने दुसरं रबर आणलं, तेही फुगलं. मग चामडं, एरंडेलात मुरवलेलं. ते दोन दिवस टिकायचं, तिसर्‍या दिवशी सुटायचं. कधी बंदूक सावलीत ठीक चालायची आणि उन्हात ठेवली की आतला गॅस असा तापायचा, की बंदूक मोडताच यायची नाही. पावसाळा गेला, दसरा गेला. रज्जाक अर्ध्या जेवणातून उठायचा. जुम्म्याच्या नमाजाला रांगेत उभा असताना त्याचा अंगठा बोटांवर आटे फिरवत असायचा. मोहल्ल्यातले लोक नबीसाबना म्हणायचे, पोराला कुठे दाखवा तरी. नबीसाब चहाचा घोट घ्यायचे आणि रस्त्याकडे बघायचे.

दिवाळीच्या सुमारास शिवबाई आली. अक्कलकोटकडची. नवरा असताना दोघं मिळून फुग्यांचा स्टॉल चालवायची, तो गेल्यावर एकटी. गड्डा, मग गावोगावच्या जत्रा, पावसाळ्यात घरी. रज्जाक तिला अक्का म्हणायचा. तिने दोन्ही बंदुका फळीवर ठेवल्या आणि उजवा खांदा डाव्या हाताने धरून बसली.

"ह्या खेपंला स्प्रिंग मऊ टाक, रज्जाकभाई."

"मऊ टाकली तर फुगा फुटायचा न्हाय, अक्का. लोक म्हनतील बंदुकीत खोट हाय."

"ते बी खरंच. पर कडक टाकली तर माजा हात फुटतोय. दिसभर मोडून मोडून द्यायची म्हंजे काय? गिर्‍हाईक नुसतं डोळा लावतंय, जोर मलाच." ती थांबली. "रातच्याला येनी सुदिक घालता येत न्हाय मला. मदलं कायतरी काढ."

रज्जाकच्या डोक्यात इतके महिने जोराचंच खूळ होतं. डबा किती फाटतो, फळीत किती शिरतो. शिवबाई गेल्यावर त्याने तिची बंदूक डाव्या हाताने मोडून बघितली. मग उठला, तरातरा संगप्पाकडे गेला आणि म्हणाला, "कमी भर."

"किती कमी?"

"डाव्या हातानं मोडता यायला पाहिजे. बाईच्या."

गॅस कमी केल्यावर सगळंच नरमलं. चामड्यावर ताण कमी, गळती कमी. त्याने चामड्याच्या दोन कड्या घातल्या, मधे घट्ट ग्रीस. आठवडा गेला, बंदूक तशीच राहिली. त्याने ती ताणून रात्रभर ठेवली, जे स्प्रिंगच्या बंदुकीला कुणी करू धजत नाही. सकाळी चाप ओढला, फुगा फुटला. तेवढा जोर फुग्याला पुरेसा होता. शिवबाईच्या दोन बंदुकांपैकी एक त्याने तशी करून टाकली. दुसरीला वेळ नव्हता. तिच्यात नवी स्प्रिंग घातली.

त्या दिवशी दुपारी नबीसाब जेवून दुकानात आले. फळीवर बंदूक दिसली तसे पाठीमागे वळले.

"अब्बा," रज्जाक म्हणाला, "इसकी टोपी तुम खोलो."

नबीसाब थांबले. "नक्को."

"इसमें स्प्रिंगच नै. जोर दट्ट्ये के अंदर बंद है. टोपी के पीछे कुछ नै."

आतल्या दारात रुक्साना येऊन थांबली, हातात काळा झालेला बर्नर. मग नबीसाब बसले. बंदूक मांडीवर घेतली. त्यांची बोटं अजून वाट विसरली नव्हती. खिळा ठोकून काढला, टोपीवर अंगठा ठेवला. फिरवताना त्यांचा उजवा डोळाही मिटला होता. शेवटचे आटे आले तेव्हा अंगठ्याचं नख पांढरं पडलं. टोपी सुटली आणि त्यांच्या तळहातात पडली, बाटलीचं झाकण पडावं तशी. मागून काही आलं नाही.

त्यांनी डोळा उघडला. नळीत बोट घालून पाहिलं. मग रज्जाककडे न बघता म्हणाले, "आटे जरा मोटे काटा है लेथवाला. उसकू बोल." आणि बाकीची बंदूक स्वतःच्या हाताने खोलून, पुसून, परत जोडली. त्या दिवशी ते चहाला गेले नाहीत.

गड्ड्यात बंदूक चालली. पहिल्या दिवशी शिवबाईने ती डाव्या हाताने मोडली आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात जीव न्हाय की." मग समोरचा लाल फुगा फुटला. "आवाज कुटं गेला हिचा?" तिने विचारलं, पण बंदूक हातातून सोडली नाही. रज्जाक रोज मैदानात जाऊन स्टॉलच्या बाजूला उभा राहायचा. पाळणे फिरायचे, भोंगे ओरडायचे, तो कान देऊन फक्त तो ठप्प आवाज ऐकायचा. गड्डा उठला. शिवबाई सामान बांधून पुढच्या जत्रांना निघून गेली आणि बंदूक तिच्याबरोबर गेली.

इथून रज्जाकचे खरे हाल सुरू झाले. इतके दिवस वस्तू त्याच्यासमोर होती. बिघडली तर दिसायची. आता ती कुठल्या गावच्या धुळीत आहे, गॅस आहे की उडाला, काहीच कळेना. उन्हाळा चढत होता. दुपारी दुकानाचा पत्रा तापला की त्याला वाटायचं, आता ती ताठली असेल, मोडत नसेल, अक्का खांदा धरून बसली असेल. कुणी अक्कलकोटचं भेटलं की तो विचारायचा. कुणाला काही माहीत नसे.

चैत्रात कळलं की शिवबाई जेऊरजवळच्या एका गावच्या जत्रेला आहे. त्याने पिशवीत हत्यारं टाकली.

रुक्साना म्हणाली, "उनो बुलाए क्या?"

"नै."

"फिर?"

रज्जाकने पिशवी खांद्याला अडकवली. पॅसेंजर गाडीत तो बसून राहिलाच नाही. जेऊरपर्यंत दारात उभा होता.

स्टेशनवरून बैलगाडीने गावात पोचला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. देवळामागच्या माळावर चार-सहा पालं पडली होती. शिवबाईच्या पालात फुगे लावलेले होते आणि त्याची बंदूक ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवली होती.

"उनाचं लई ताटती," शिवबाई म्हणाली. "मग वलं गोनपाट टाकलं की व्हती मऊ. म्हशीगत हाय तुजी बंदूक. तू कसा आलास हिकडं?"

"असंच. चालतीय न्हवं?"

"चालतीय की. बघ." तिने मोडून दिली, त्याने फुगा फोडला. जानेवारीत होती तशीच होती. खांद्याचं विचारलं तर तिने हात डोक्यापर्यंत नेऊन दाखवला.

रज्जाकला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो अंगात मावला नाही, बोटांत उतरला. इतके महिने चामडं टिकलं कसं? दोन्ही कड्या सारख्या झिजल्या, का एकच? गोणपाटाच्या पाण्याने आत गंज तर नसेल चढला? "जरा खोलून बगतो," तो म्हणाला.

"चालतंय त्याला हात लावू नगं," शिवबाई म्हणाली. "संध्याकाळला गर्दी होईल. देवाच्या पालखीचा छबिना हाय." आणि ती भाकरी खायला देवळाकडे गेली.

तो थोडा वेळ खरंच नुसता बसला. मग टोपी काढली. त्यात काही धोका नव्हताच. दट्ट्या हातात घेतला. वरून गंज नव्हता. तेवढ्यावर ठेवला असता तर काही झालं नसतं. पण चामड्याच्या कड्यांचा वायसर आत होता, आणि तो बघायचा तर तोंडाचे आटे सैल करायला हवे होते. अगदी थोडे. त्याला वाटलं, एवढ्याने काय होतंय.

फुस्स झालं. थंडगार गॅस त्याच्या मनगटावरून निघून गेला आणि दट्ट्या हातात हलका झाला.

वायसर उत्तम होता. दोन्ही कड्या सारख्या झिजल्या होत्या.

शिवबाई परत आली तेव्हा तो दट्ट्या मांडीवर घेऊन बसला होता. तिने बंदुकीचे सुटे भाग बघितले, मग त्याच्याकडे.

"भर की मग परत," ती म्हणाली.

"हितं गॅस न्हाय, अक्का. तो सोलापुरात, संगप्पाकडं."

तिने पदराने तोंड पुसलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पोर तापलं का बगायला कुनी त्याचं पोट फाडतं का रे?" आणि दुसरी, स्प्रिंगची बंदूक काढून फळीवर ठेवली. तिने ती मोडायला हात घातला तेव्हा रज्जाकने ती तिच्या हातातून घेतली.

संध्याकाळी गर्दी आली. सारा माळ माणसांनी भरला. गिर्‍हाईक यायचं, रज्जाक बंदूक मोडून, छर्रा भरून द्यायचा, ते फुग्यावर नेम धरायचं, की पुढचं उभंच. पहिला तासभर त्याला काही वाटलं नाही. मग खांद्याच्या आत कुठेतरी एक तार ताणल्यासारखी झाली. मग ती तार कोपरापर्यंत आली. शिवबाई फुगे फुगवत, लावत होती. एकदा तिने सहज म्हणावं तसं म्हटलं, "पोटाला टेकवून मोड. निस्त्या हातानं मोडशील तर उद्या उटता यायचं न्हाय." त्याने तसं केलं. जरा हलकं गेलं. पण जरासंच.

जत्रा दुसर्‍या दिवशीही होती. तो राहिला. सकाळी त्याला सदरा घालता येईना; शिवबाईने हळदीचं तेल कोमट करून दिलं आणि बघत बसली, कुठे कुठे लावतोय ते. "तितंच," ती म्हणाली. "अगदी तितंच दुकतं."

दुसर्‍या दिवशी दुपारी पाल उतरलं. शिवबाईने मोकळी बंदूक गोणपाटात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"भरून ठेव. आखाडाच्या आत मी येती न्यायला. आनि न्हेल्यावर तू येऊ नगंस मागं मागं. बिगडली तर मीच आनीन."

"व्हय, अक्का."

"व्हय म्हनू नगंस निस्तं."

"न्हाय येत."

ती हसली नाही, पण स्टेशनपर्यंतच्या गाडीत त्याला जागा करून दिली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये रज्जाकला खिडकीशी जागा मिळाली आणि या वेळी तो बसला. उजवा हात मांडीवर दगडासारखा पडला होता. बंदूक गुडघ्यांत धरून त्याने डोळे मिटले. कुर्डुवाडी येईपर्यंत त्याने ते मिटूनच ठेवले. मग डाव्या हाताने गोणपाट सोडलं, नळी जिथे मोडते तिथल्या सांध्यावर बोट ठेवलं आणि तिथून दट्ट्यापर्यंत जाणारी लोखंडी पट्टी बोटाने मोजली. गॅस ठीक होता. पण ही पट्टी आखूड होती. थोडी लांब केली, सांधा जरा मागे घेतला, तर तेवढाच गॅस ताणायला हाताचा जोर निम्माच लागला असता. समोर बसलेल्या म्हातारीने विचारलं, "काय वाजवायचं हाय का ते?" त्याने ऐकलं नाही. गाडी सोलापूरच्या यार्डात शिरत होती आणि तो दाराकडे निघालाही होता. लेथवाला दुकान बंद करायच्या आत साखर पेठ गाठायची होती.